रस्त्याला नाव बापूरावांचे, पवळेचे काय?

१

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून पिला हाऊसकडे निघाले की एका रस्त्यावर ‘पठ्ठे बापूराव मार्ग’ अशी पाटी दिसते. हे नाव टॅक्सीवाल्याला सांगून पाहा. त्याला कळेलच असे नाही. ‘फॉकलंड रोड’ म्हणा. तो एकदा मागे वळून तुमच्याकडे पाहील आणि मग मीटर टाकील. एकाच रस्त्याची ही दोन नावे आहेत, एक साहेबाचे आणि एक शाहिराचे. दोन्ही नावे पुरुषांची आहेत आणि दोघेही त्या रस्त्यावर बसून ग्राहकाची वाट पाहत नव्हते.

काही वर्षांपूर्वी मी लोकवाङ्मयाच्या तासाला बापूरावांची लावणी शिकवत होतो. पवळेसाठी बापूरावांनी जात सोडली, कुलकर्णीपण सोडले, सोवळे सोडले, हे सगळे मास्तर सांगतात तसे मीही रंगवून सांगितले. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, बापूरावांनी काय सोडलं ते कळलं. पवळेनं काय सोडलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो. पण प्रश्न सुटला नाही. ह्या लेखात तोच प्रश्न मी फॉकलंड रोडला विचारणार आहे, त्या रस्त्यावर ज्यांनी लिहिले त्यांना विचारणार आहे, आणि शेवटी माझ्या घराला विचारणार आहे. वाङ्मयाची समीक्षा पुस्तकापाशी थांबते अशी आपल्या विद्यापीठांची समजूत आहे. मला ती मान्य नाही. ज्या रस्त्याने मराठीला लावणी दिली, वग दिला, ‘गोलपिठा’ दिला, त्याची समीक्षा केल्याशिवाय ह्या वाङ्मयाची समीक्षा पुरी कशी होईल?

२

प्रथम रस्त्याचा इतिहास, कारण तो नसला की रस्ता नुसता ‘बदनाम’ म्हणून उरतो आणि बदनामीला कोणी जबाबदार राहत नाही.

लॉर्ड फॉकलंड हा १८४८ ते १८५३ ह्या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या नावाचा हा रस्ता. शेजारच्या फोरास रोडचे नाव ‘फोरास’ जमिनींवरून आले. भरणी करून लागवडीला दिलेल्या जमिनीच्या सारापद्धतीचा हा पोर्तुगीज वळणाचा शब्द. त्या रस्त्यालाही आता आर. एस. निमकर मार्ग असे नाव आहे. लगतचा कामाठीपुरा म्हणजे तेलंगणाकडून आलेल्या कामाठी मजुरांची वस्ती. मुंबईच्या इमारती ज्यांनी डोक्यावर घमेली वाहून उभ्या केल्या, त्यांच्या जातीचे नाव ह्या वस्तीला मिळाले. मात्र ते नाव कानावर पडताच सभ्य माणसाच्या मनात मजूर येत नाही, वेश्या येते. कष्टकऱ्यांच्या नावाचे असे कसे झाले, हे कोणी विचारीत नाही.

ग्रँट रोडचे नाटकगृह नाना शंकरशेटांच्या पुढाकाराने १८४६ साली उभे राहिले. १८५३ साली विष्णुदास भाव्यांनी तिथे आपले खेळ केले. मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणारे इथे अभिमानाने थांबतात. पुढे ह्याच भागात पारशी कंपन्यांची नाटकगृहे एकाला लागून एक उभी राहिली. ‘प्ले हाऊस’चे कामगारांच्या तोंडी ‘पिला हाऊस’ झाले. नाटकगृहांत तमाशाचे फड लागू लागले. नंतर बोलपट आले आणि त्याच भागात अल्फ्रेड, रॉयल, गुलशन, निशात, न्यू रोशन अशी टॉकीजची रांग लागली. स्वस्त तिकिटात जुना सिनेमा, बाहेर शीगकबाब, पान, अत्तर, मालिश, ज्योतिषी आणि फुटपाथवरचा दात काढणारा. गिरणीची दुसरी पाळी सुटली की ह्या रस्त्याला दिवस उजाडे.

ह्या रात्रीमागे एक साधे गणित होते. गिरण्यांनी घाटावरचे आणि कोकणातले पुरुष बोलावले; त्यांच्या बायकांना राहायला जागा दिली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत पुरुषांची संख्या बायकांच्या जवळजवळ दुप्पट होती. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या ह्या माणसांचा पगार पठाणाकडून, वाण्याकडून, गुत्त्याकडून शेवटी ह्या रस्त्याकडे यायचा. भांडवलदाराने घर बांधण्याचे वाचवलेले पैसे कोणाच्या शरीरातून वसूल झाले, ते फॉकलंड रोडवर उभे राहिले की कळते.

आणि त्या कोण होत्या? खंडोबाला वाहिलेल्या मुरळ्या. यल्लम्माच्या जोगतिणी. दुष्काळात गाव सोडलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, मावशीने ‘कामाला लावते’ म्हणून आणलेल्या. सगळ्या एका जातीच्या होत्या असे मी म्हणत नाही. परंतु देवाला सोडण्यासाठी कोणत्या वाड्यातली पोर निवडली जात होती आणि कोणत्या आळीतली निवडली जात नव्हती, हे सांगायला संशोधन लागत नाही. धर्माने तिला आधी सर्वांची केली, मग शहराने तिच्यावर दर लावला.

सरकारनेही रस्त्याची मांडणी केली. गोऱ्या शिपायांना रोग होऊ नये म्हणून १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा आला. बायकांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. तपासणी बाईची, शिपायाची नाही. हा कायदा १८८८ साली रद्द झाला, पण ‘रोग बाईत असतो’ हा विचार काही रद्द झाला नाही. युरोपातून आलेल्या गोऱ्या वेश्यांची वेगळी गल्ली होती, तिला लोक ‘सफेद गल्ली’ म्हणत. म्हणजे ह्या बाजारातही वर्णव्यवस्था होती. फोरास रोडच्या बच्चूसेठच्या वाडीत मुजरा, माडीवर गाणारी, आणि सर्वांत खाली, रस्त्याच्या पातळीवर, गजांच्या आड बसलेली. त्या खोल्यांना लोक ‘पिंजरे’ म्हणू लागले. १९१७ साली जवळच्या डंकन रोडवरील एका कुंटणखान्यात आकूताई नावाच्या बाईचा छळ करून खून झाला, तेव्हा शहराला थोडी लाज वाटली. १९२३ साली मुंबईत वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. पिंजरे मात्र राहिले. १९५६ साली केंद्राचा कायदा आला. तरीही पिंजरे राहिले.

३

आता बापूराव आणि पवळा.

श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे पठ्ठे बापूरावांचे मूळ नाव. जन्म १८६६, गाव रेठरे हरणाक्ष. ब्राह्मणाच्या घरात जन्मलेला हा माणूस तमाशाच्या नादी लागला, महारा-मांगांच्या फडात बसला आणि लावणीचा बादशहा झाला. त्याच्या प्रतिभेबद्दल मला शंका नाही. त्याच्या धाडसाबद्दलही नाही. त्या काळात ब्राह्मणाने जातीबाहेर पडणे ही सोपी गोष्ट नव्हती, आणि १९४५ साली हा माणूस विपन्नावस्थेत वारला हेही खरे आहे. मी त्यांचा उपहास करायला बसलेलो नाही.

पवळा संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा गावची, महार समाजातली. लहानपणी खंडोबाला वाहिलेली मुरळी. तमाशाच्या बोर्डावर स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्या करीत असे. त्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळेचे नाव घेतले जाते. तिच्या रूपाची आणि गळ्याची कीर्ती मुंबईभर झाली. बापूरावांच्या फडाला गर्दी होत होती ती बापूरावांच्या शब्दांसाठी आणि पवळेसाठी. पुढे दोघांची ताटातूट झाली.

आता ही हकिगत आपली समीक्षा कशी सांगते ते पाहा. बापूरावांनी ‘त्याग’ केला. पवळेने ‘मोह घातला’. बापूराव ‘घसरले’ किंवा ‘उंचावले’, हे सांगणाऱ्याच्या मतावर अवलंबून. पण दोन्ही वाक्यांत कर्ता बापूरावच. पवळा ही त्यांच्या आयुष्यातली घटना आहे. तिला स्वतःचे आयुष्य नाही. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका इथे बोचतो. ज्याच्याकडे सोडण्यासारखे काही असते, त्याच्याच त्यागाची नोंद होते. पवळेकडे सोवळे नव्हते, वतन नव्हते, पंगतीतला मान नव्हता. तिचे बालपण तिच्याकडून कोणी काढून घेतले. ते ‘सोडले’ ह्या क्रियापदात बसत नाही. म्हणून इतिहासात ते बसले नाही.

आणखी एक मुद्दा. लावणीत बोलणारी बहुधा स्त्री असते. ‘मी’ म्हणते, रुसते, बोलावते, तक्रार करते. पण शब्द शाहिराचे. पुरुष लिहितो, पुरुष ऐकतो, मधल्या जागेत बाई उभी राहून त्यांचे म्हणणे स्वतःचे म्हणून गाते. गाताना पवळा कुठे थांबली, कोणता शब्द तिने दाबून म्हटला, कोणत्या ओळीवर तिने प्रेक्षकांकडे पाहिलेच नाही, हे टिपून ठेवावे असे कोणाला वाटले नाही. आपण लावणीचे छंद मोजले, अलंकार मोजले. गाणाऱ्या बाईने लावणीत काय घातले, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात नव्हता. शैलजा पाईक यांचे ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ हे पुस्तक २०२२ साली आले आणि पवळेकडे इतिहासकाराने नीट पाहिले. ‘अश्लील’ हा शब्द कलेला लागत नाही, तो ती कला करणाऱ्या जातीच्या बाईला चिकटवला जातो, आणि त्यातून तिची माणुसकी हिरावली जाते, हे त्यांनी दाखवले. हे मराठीत मराठी समीक्षेने पन्नास वर्षांपूर्वी लिहायला हवे होते. आपण, म्हणजे मी सुद्धा, ते लिहिले नाही.

४

फॉकलंड रोडच्या परिसरावर वाङ्मय थोडे नाही. सआदत हसन मंटोंनी ‘मम्मद भाई’ ह्या कथेत फोरास रोड, सफेद गल्ली, पिला हाऊस उर्दूत उभे केले. मराठीत मात्र दोन लावण्यांपासून सुरुवात करावी लागेल. बापूरावांनी मुंबईवर लावणी लिहिली आणि अण्णा भाऊ साठ्यांनीही ‘मुंबईची लावणी’ लिहिली. बापूरावांच्या लावणीत मुंबई ही डोळे दिपवणारी नगरी आहे. गावाकडचा माणूस तिच्याकडे मान वर करून पाहतो. अण्णा भाऊंनी मान खाली केली. मलबार हिल आणि परळ एकाच पटावर मांडले आणि फोरास रोड, गोलपिठा इथल्या शरीर विकणाऱ्या बायका त्या पटावर आणल्या. ज्याला शहराच्या झगमगाटात राबणारा दिसतो, त्यालाच हीही बाई राबणारी म्हणून दिसते. ‘गोलपिठा’ हे नाव मराठी कवनात ढसाळांच्या आधी अण्णा भाऊंनी आणले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली आला, ‘सूड’ १९७० साली. बागुलांची बाई दयेची भीक मागत नाही. ‘सूड’मधली जानकी स्वतःच्या बाईपणावरच उठते, ज्या शरीरामुळे समाज तिला बाजारात ओढतो ते शरीरच तिला नको होते. मराठी कथेतील वेश्या तोवर एक तर सोनेरी हृदयाची होती किंवा रोगाची गाठोडी होती. बागुलांनी तिला विचार करायला लावले.

आणि १९७२. ह्या एका वर्षात मराठीत दोन गोष्टी घडल्या. एकीकडे व्ही. शांतारामांचा ‘पिंजरा’ पडद्यावर आला, दुसरीकडे नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ छापून आला. ‘पिंजरा’ मी आमच्या चाळीतल्या लोकांबरोबर पाहिला. शिट्ट्या मारल्या, हे कबूल करतो. त्यात एक आदर्श मास्तर तमासगिरिणीच्या नादाने धुळीला मिळतो आणि फडात हलकीसलकी कामे करू लागतो. पांढरपेशा प्रेक्षक रडला तो मास्तरासाठी. पिंजऱ्यात सापडलेला पक्षी कोण, तर मास्तर! ज्या वर्षी महाराष्ट्र ह्या पिंजऱ्यासाठी अश्रू ढाळत होता, त्या वर्षी फॉकलंड रोडवरच्या खऱ्या पिंजऱ्यांत खऱ्या बाया बसल्या होत्या. तमाशातल्या बाईने पुरुषाला बरबाद केले ही कहाणी आपल्याला इतकी का आवडते? कारण ती उलटी आहे. बापूराव-पवळेची कहाणीही आपण तशीच उलटी करून सांगत आलो.

‘गोलपिठा’ने ही कहाणी सुलटी केली. ढसाळ ह्या वस्तीत वाढलेले, टॅक्सी चालवलेले. विजय तेंडुलकर प्रस्तावना लिहिण्यापूर्वी त्यांच्याबरोबर वस्तीत हिंडले. प्रस्तावनेचे महत्त्व मी नाकारत नाही; परंतु तिचा एक परिणाम असा झाला की पांढरपेशा वाचकाने ‘गोलपिठा’ हा वाटाड्या समजून वाचला. न गेलेल्या गल्ल्यांची सहल घडली, शब्दांचे अर्थ विचारून झाले, किळस आली, थरार वाटला, आणि वाचक आपल्या घरी परत आला. समीक्षकांनी भाषेच्या भडकपणावर पानेच्या पाने लिहिली. कवी कोणाशी बोलतो आहे हे फार थोड्यांनी पाहिले. त्या संग्रहात ‘मंदाकिनी पाटील’ ही कविता आहे. ह्या नावाकडे पाहा. फॉकलंड रोडवर बाईला आडनाव नसते. तिला चमेली, रेश्मा, हिरा असे काहीतरी ठेवलेले नाव असते. आडनाव म्हणजे घर, आडनाव म्हणजे गाव, आणि ह्या दोन्ही गोष्टी दारातच काढून ठेवाव्या लागतात. ढसाळांनी तिला नाव आणि आडनाव दोन्ही दिले आणि तिच्याशी समोरासमोर बोलले. माझ्या मते ‘गोलपिठा’चा विद्रोह शिव्यांत नाही. तो ह्या संबोधनात आहे.

तरीही मी इथे थांबत नाही. मंदाकिनी कवीला उत्तर देत नाही. कविता कवीचीच राहते. वेश्येच्या बाजूने बोलणारा कवी आपल्याला लाभला, ही मोठी गोष्ट झाली. पण बाजूने बोलणे आणि बोलू देणे ह्यांत अंतर आहे. १९८४ साली मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आले, तेव्हा विद्रोही कवीच्या घरातली बाई काय म्हणते हे कळले आणि चळवळीतले पुष्कळ लोक अस्वस्थ झाले. ती अस्वस्थता आपण पचवली नाही. तिच्यावर गप्प बसलो.

१९८१ साली मेरी एलन मार्क ह्या अमेरिकन छायाचित्रकर्तीचे ‘फॉकलंड रोड’ हे पुस्तक निघाले. रंगीत छायाचित्रे. निळ्या-हिरव्या भिंती, आरसे, पोरींच्या हसऱ्या आणि थकलेल्या मुद्रा. ती बाई कित्येक आठवडे त्यांच्यात राहिली, मैत्री केली, हे मान्य. सर्व छायाचित्रे चोरून पाहणारी नाहीत. पण त्या चित्रांतल्या बायांना ते पुस्तक कधी विकत घेता येणार होते? १९८८ साली मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे’ ह्याच परिसरात चित्रित होऊन जगभर गाजला. अशा रीतीने पिंजरा हे मुंबईचे प्रेक्षणीय स्थळ झाले. परदेशी पाहुण्याला गेटवे दाखवायचा, हँगिंग गार्डन दाखवायचे आणि टॅक्सीच्या काचा वर करून फॉकलंड रोड दाखवायचा. काचा वर करून पाहणे हीच आपल्या बऱ्याच वाङ्मयाची रीत आहे.

५

आता मी ज्या ठिकाणी यायला कचरत होतो, तिथे येतो.

महाडच्या सत्याग्रहाच्या वेळची एक हकिगत चळवळीत तोंडोतोंडी चालत आली आहे. बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न सत्याग्रहाच्या निधीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. महाराच्या बाया नाचवून मिळवलेला पैसा मला नको, असा त्या नकाराचा अर्थ. काहींना ह्यात बाबासाहेबांचा सोवळेपणा दिसतो. मला तो दिसत नाही. पैसा कोणाच्या हातून येत होता? पवळेच्या नव्हे, बापूरावांच्या. तिच्या नाचाचे दान करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, हा त्या नकाराच्या मागचा प्रश्न आहे.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब मुरळ्या, जोगतिणी, देवदासी आणि कामाठीपुऱ्यातल्या बायांच्या सभेत बोलले. शब्द कठोर होते. हे जिणे सोडा, इतर स्त्रियांप्रमाणे संसार करा. सोडणार नसाल तर आमच्याबरोबर येऊ नका. पोटाचे काय, ह्या प्रश्नाला त्यांनी उपाय सांगितला नाही. मार्ग पुष्कळ आहेत, पण हे जिणे आधी सोडले पाहिजे, असे सांगितले. आज ते भाषण वाचताना जड जाते. गिरण्यांतून बायकांची संख्या पुढे घटतच गेली. मार्ग पुष्कळ नव्हते. परंतु एक गोष्ट विसरू नका. त्या वेळी देशातला कोणता पुढारी ह्या बायांना सभेला बोलावून, श्रोत्या म्हणून समोर बसवून, तुम्ही निर्णय घेऊ शकता असे गृहीत धरून बोलत होता? आणि त्यांच्यातल्या बाया त्याच्या कितीतरी आधीपासून बोलत होत्या. शिवराम जानबा कांबळ्यांच्या ‘सोमवंशीय मित्र’ ह्या पत्रात १९०९ साली शिवूबाई ह्या मुरळीने आपले पत्र छापायला दिले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ ह्या १९८९ सालच्या पुस्तकात ही माणसे वर काढली. म्हणजे बोलणारी होती. ऐकणारे नव्हते.

ऐकणाऱ्यांत मी माझे घर धरतो. माझ्या आजीची थोरली बहीण मुरळी होती. आम्ही तिला ‘थोरली आजी’ म्हणायचो, तेही फार हळू. ती कामाठीपुऱ्याच्या एका गल्लीत राहत असे. आधी फडात गायची. गळा गेल्यावर काय करीत होती, हे विचारायचे नसते असे आम्हांला शिकवले होते. वर्षातून एकदा, चौदा एप्रिलला, ती आमच्या चाळीत यायची. वर यायची नाही. जिन्याखाली उभी राहायची. आजी खाली जायची, दोघी पाच मिनिटे बोलायच्या, आणि आजी पदराला डोळे पुसत वर यायची. आजोबा त्या वेळी मुद्दाम बाहेर जात. ते १९३६ च्या त्या सभेच्या गोष्टी अभिमानाने सांगणारे माणूस. दीक्षेनंतर त्यांनी भावकीत जाहीर केले की असले कोणतेही नाते आमच्या घराला नाही.

वडील वारल्यावर त्यांच्या पेटीत मला मनिऑर्डरीच्या पावत्या सापडल्या. वडील मॅट्रिकपर्यंत शिकले, ट्रेनिंग केले, मास्तर झाले. आमच्या घराण्यातला पहिला शिकलेला माणूस. फी आजोबांच्या पगारातून भरली असे आम्हांला सांगितलेले होते. पावत्या वेगळेच सांगत होत्या. पैसे त्या गल्लीतून आले होते.

बाबासाहेबांनी पैसा नाकारला आणि माणसांना सभेला बोलावले. आम्ही पैसा घेतला आणि माणूस जिन्याखाली उभे केले. त्यांचे भाषण आम्ही दार लावण्यापुरते वाचले. ही चूक आजोबांच्या एकट्याच्या गळ्यात घालून मी मोकळा होऊ शकत नाही. मी तीस वर्षे ‘गोलपिठा’ शिकवला, त्यावर व्याख्याने दिली, आणि एकदाही म्हटले नाही की त्या गल्लीत आमचेही कोणी होते. पावतीवर पाठवणाऱ्याच्या जागी अंगठा आहे. नाव कारकुनाने लिहिलेले, शाई उडालेली. थोरल्या आजीचे नाव मला ठाऊक नाही.

६

आज त्या रस्त्यावरची गर्दी पांगते आहे. गिरण्या गेल्या, टॉकीजचे वैभव गेले, बाजार मोबाईलवर आणि शहराबाहेर गेला. कामाठीपुऱ्याच्या सामूहिक पुनर्विकासाची योजना म्हाडामार्फत पुढे आली आहे. उंच इमारती येतील. ज्याच्या नावावर खोली आहे त्याला घर मिळेल. पिंजऱ्यातली बाई कधीच भाडेकरू नव्हती. ती खाटेचे भाडे देत होती. तिचे नाव कोणत्या यादीत असेल? १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ह्या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा अधिकार आहे, पोलिसांनी त्यांच्याशी नीट वागावे. निकाल चांगला आहे. पण ओळखपत्र, रेशनकार्ड आणि छप्पर ह्यांच्याशिवाय सन्मान कोणत्या पत्त्यावर पोचवायचा?

कोणी म्हणेल, मग काय, रस्त्याची पाटी बदलून ‘पवळा मार्ग’ करायची? मला पाट्यांचे फार वाटत नाही. साहेबाची पाटी काढून शाहिराची लावली, आणि पाटीखालच्या बाईला त्याने काही फरक पडला नाही. बापूरावांचे नाव राहू द्या. मात्र त्या नावाखाली आपण जी कहाणी सांगतो ती बदला. विद्यार्थ्यांना लावणी शिकवताना ती कोणी गायली हे सांगा. पुनर्विकासाची यादी करताना खाटेचे भाडे भरणाऱ्या बाईला आधी धरा. ह्यासाठी आपल्या कार्यकर्त्यांनी त्या कचेरीत जाऊन बसले पाहिजे. आणि आपल्या घरांतल्या जिन्याखाली कोण उभे होते ते विचारा. म्हातारी माणसे अजून आहेत तोवर विचारा. नाव, गाव, कोणाला वाहिली, कधी गेली, कोणाची फी भरली. लिहून काढा, आणि आपल्या नियतकालिकांकडे पाठवा.

ती विद्यार्थिनी आता स्वतः एका शाळेत शिकवते. मागच्या महिन्यात भेटली तेव्हा मी तिला पावत्यांची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सर, माझ्या आईच्या आत्याचं पण असंच काहीतरी होतं. घरी विचारून सांगते.”

मी वाट पाहतो आहे.